‘ॲनिमल फार्म’ नेमकं कुणावर हसतं?

वारणाकाठची
मंडळी, आमच्या वाचन मंडळात या वेळी जॉर्ज ऑरवेलचं ‘ॲनिमल फार्म’ (१९४५) लावलं होतं. लहानसं पुस्तक, त्यामुळे एरवी मलपृष्ठावर भागवणारेही पूर्ण वाचून आले आणि मग कुणाचं कुणाशी जमेना. न वाचलेल्यांसाठी एका दमात सांगते: जनावरं मालक जोन्सला हाकलतात, ‘सगळे प्राणी समान’ असं भिंतीवर लिहितात आणि डुकरं हळूहळू जोन्सच्याच खुर्चीत जाऊन बसतात.

आमच्यातले एक निवृत्त साहेब म्हणाले, ही रशियाची गोष्ट. डुकरांचा पुढारी नेपोलियन म्हणजे स्टालिन, त्याने हाकललेलं दुसरं पुढारी डुक्कर स्नोबॉल म्हणजे स्टालिनचा प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की, विषय संपला. यावर ऊसवाले काका उसळले. “साहेब, कारखान्याच्या वार्षिक सभेला बसलाय का कधी? पुस्तकातली मेंढरं ‘चार पाय चांगले, दोन पाय वाईट’ कधी ओरडतात बघा. स्नोबॉल बोलायला लागला की! आमच्यात सभासद साखर उताऱ्याचा प्रश्न घेऊन उठला की मागनं ‘मंजूर, मंजूर’ सुरू. प्रश्न पुरा व्हायच्या आत राष्ट्रगीत.” तिसऱ्या एक प्राध्यापिका. त्यांना यात हसण्यासारखं काहीच सापडलं नाही. बॉक्सर घोडा जन्मभर राबतो, शेवटी खाटकाच्या गाडीत जातो आणि त्या पैशांत डुकरं व्हिस्की आणतात. तिथे त्यांनी पुस्तक मिटलं.

तुम्हाला काय वाटलं? ‘स्टालिनवर’ एवढंच उत्तर असेल तर ते साहेबांनी देऊन झालंय.

तांबडी_माती
पुस्तक चांगलं, त्याचा वापर वाईट. १९५४चा कार्टून सिनेमा बघा. पैसा सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा, आणि शेवट फिरवलेला. पुस्तकात जनावरं खिडकीतून आत बघतात, कुठलं डुक्कर आणि कुठला माणूस ते त्यांना ओळखू येत नाही. सिनेमात ती डुकरांवर चालून जातात. ऑरवेल स्पेनमध्ये डाव्यांच्या मिलिशियात लढला, गळ्यात गोळी खाल्ली. आणि त्यालाच आता भांडवलदारांचा वकील करून ठेवलाय. तुमचे साहेब त्याच पंथातले दिसतात.

निळी_शाई
वाचकांचं जमत नाही हे छापायच्या आधीपासूनचं आहे. १९४४ साली रशिया ब्रिटनचा दोस्त, त्यामुळे प्रकाशक हात लावायला तयार नव्हते. फेबर या प्रकाशनसंस्थेतर्फे खुद्द कवी टी. एस. एलियटने नकार कळवला. त्याचं म्हणणं असं, की तुमची डुकरं बाकीच्यांपेक्षा कितीतरी हुशार आहेत, म्हणजे फार्म चालवायला तीच लायक. कमी आहे ती लोकहिताची चाड असलेल्या डुकरांची! अमेरिकेतल्या एका प्रकाशकाने तर प्राण्यांच्या गोष्टी आमच्याकडे खपत नाहीत म्हणून परत पाठवलं.

वारणाकाठची
@निळी_शाई, एलियटला आमच्या तालुक्यात कुठल्याही पॅनेलने उमेदवारी दिली असती. ‘खाल्लं तरी काम करतो’ हे वाक्य मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसून नोकरीभर ऐकलंय.

माझं मत सांगते. सगळे बॉक्सरच्या गाडीपाशी नाहीतर शेवटच्या पत्त्यांच्या डावापाशी थांबतात. गोष्ट त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते, दूध आणि सफरचंदांपाशी. बंड होऊन चार दिवस झाले नाहीत तोच दुधाच्या बादल्या गायब होतात. मग पडलेली सफरचंदंही डुकरांच्याच खोलीत. त्यांचा बोलका प्रचारक डुक्कर स्क्वीलर येऊन समजावतो: आम्हाला खरं तर हे आवडतसुद्धा नाही हो, डोक्याचं काम आहे म्हणून खावं लागतं, आम्ही कमी पडलो तर जोन्स परत येईल! सगळे गप्प. आणि लक्षात घ्या, या एका ठरावावर नेपोलियन आणि स्नोबॉल यांचं एकमत आहे. एरवी दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. स्नोबॉल राहिला असता तर बरं झालं असतं म्हणणाऱ्यांनी ते पान पुन्हा काढावं. ऑरवेलनेही १९४६च्या एका पत्रात कथेचं वळण तेच असल्याचं लिहिलंय.

साहेबांना बेंजामिन गाढव ‘समंजस’ वाटतं, हे सांगायचं राहिलं. डुकरांइतकंच वाचता येत असून ते वाचत नाही, आणि गाडीवरची पाटी वाचून दाखवतं तेव्हा बॉक्सर आत चढलेला असतो. समंजस कसलं!

खुराडं
ताई, आमचं लेअरचं, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचं, शेड आहे, म्हणून माझी नजर दुसरीकडंच गेली. सातव्या प्रकरणातल्या कोंबड्या. नेपोलियन आठवड्याला ४०० अंड्यांचा करार करतो, तेव्हा त्या वर आढ्याला जाऊन बसतात आणि तिथनंच अंडी खाली सोडून फोडतात. डुकरांच्या राज्यात कुणी खरंच अडून बसलं असेल तर त्याच. खाद्य बंद. पाच दिवस टिकल्या, नऊ मेल्या. जाहीर काय केलं? कॉक्सी, म्हणजे कोंबड्यांच्या आतड्याचा रोग!

इथं मी मोठ्यानं हसलो. शेडवर पक्षी मेले की माणूस पहिल्यांदा हेच सांगतो, कारण खाद्य चुकलं, पाणी चुकलं म्हणायची हिंमत नसते. कॉक्सी असेल तर बहुतेकदा विष्ठेत रक्त दिसतं, आतडं उघडलं की कळतं. उपाशी मेलेल्या पक्ष्याच्या छातीचं हाड नुसतं हाताला टोचतं. पुस्तकात कुणी पक्षी उघडून बघितला नाही, सरळ बागेत पुरले. लिहिणाऱ्याला कोंबड्यांची माहिती होती हे नक्की.

निळी_शाई
@खुराडं, क्या बात! स्टालिनच्या सामुदायिक शेतीत गुरं द्यायची वेळ आली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःची गुरं कापून टाकली होती, या कोंबड्या त्यांच्याच. युक्रेनी अनुवाद १९४७ मध्ये जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांसाठी निघाला. ऑरवेलने त्याला खास प्रस्तावना लिहिली. त्यातल्या बऱ्याच प्रती अमेरिकन अधिकाऱ्यांनी जप्त करून सोव्हिएतांच्या ताब्यात दिल्या.

तांबडी_माती
अमेरिकन अधिकाऱ्यांनी! आणि सात वर्षांनी त्याच पुस्तकाच्या सिनेमाला पैसे पण अमेरिकेचेच.

खुराडं
ते मोठं राजकारण तुम्ही बघा. मला एवढंच सांगा, पुढं करार ४०० वरनं ६०० अंड्यांवर गेला, तेव्हा एक तरी कोंबडी आढ्यावर चढली का? मी दोनदा शोधलं.