१९९३ चा औरंगाबादचा अपघात: विमान ट्रकला धडकलं कसं?

चिकलठाणकर:
आमच्याकडे त्या अपघाताचा विषय निघाला की मोठी माणसं एवढंच म्हणतात, "ट्रक मध्ये आला." अहो, पण ट्रक काय धावपट्टीवर चढला होता का? आणि विमान थांबवता नसतं आलं? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा.

जिनिंगवाले काका:
ट्रक आपल्या रस्त्यानं चालला होता बाबा. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्ता. २६ एप्रिल, दुपारी एकच्या सुमाराची वेळ. इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत इथं आलेलं, मुंबईला निघालं होतं. चाकं जमिनीवरून सुटली ती धावपट्टी संपता संपता.

ट्रकमध्ये कापसाच्या दाबलेल्या गाठी होत्या. माझा जन्म जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेला म्हणून सांगतो, कापूस म्हटलं की लोकांना गादी आठवते. पण प्रेसमधून निघालेली गाठ साधारण १७० किलोची, पट्ट्यांनी करकचून आवळलेली. तिच्यावर बुक्की मारून बघा, हात चोळत बसाल. आता चौकशीतला आकडा बघा: विमानाचं डावं मुख्य चाक आणि डाव्या इंजिनाची खालची बाजू ट्रकला लागली ती रस्त्यापासून जेमतेम ७ फुटांवर. गाठी भरलेला ट्रक त्याहून उंच असतो. म्हणजे वरच्या थराला नुसतं घासून गेलं नाही, थेट भरलेल्या मालावर आदळलं.

तसंच पुढं गेलं, सुमारे ३ किलोमीटरवर उच्चदाबाच्या तारांत अडकून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले. ट्रकवाल्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे, दुसरं काय!

चिकलठाणकर:
काका, धन्यवाद. पण मग ब्रेक का नाही मारला?

नटबोल्ट:
विमानांच्या देखभालीत होतो, म्हणून लिहितो. प्रत्येक उड्डाणाआधी एक वेग ठरवतात, व्ही-वन. तो ओलांडला की उरलेल्या पट्टीत थांबता येत नाही, उडायचंच. पुढचा वेग व्ही-आर, तिथं नाक वर घ्यायचं, सेकंदाला साधारण ३ अंश. तेव्हा विमान सेकंदाला सत्तर-एक मीटर पळत असतं. दोन सेकंद उशीर झाला की दीडशे मीटर पट्टी गेली. ती तेव्हा होतीच ६,००० फुटांची. त्यात एप्रिलचं ऊन. तापलेली हवा विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनालाही जोर कमी. अर्थात हे सगळं वजन ठरवताना आधीच धरायचं असतं, त्यामुळे ऊन ही काही सबब नाही.

चौकशीत दोन ठपके आहेत. वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं हा एक. विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणानं आवरली नाही, हा दुसरा. माझ्या मते पहिला जड.

जिनिंगवाले काका:
मला दुसरा जड वाटतो. मालगाडी यायची असली तरी रेल्वे फाटक लावते, आणि इथं जेट डोक्यावरून जाताना रस्ता मोकळा?

नटबोल्ट:
काका, एक इंजिन बंद पडलं तरी उड्डाणाचं अंतर संपेपर्यंत ३५ फूट उंची मिळावी, असा हिशेब असतो. इथं कारणांत इंजिनाचं नावही नाही, तरी ७ फूट! वेळेवर उचललं असतं तर खालून गाठींचा ट्रक जावो नाहीतर उसाचा.

जिनिंगवाले काका:
मान्य. पण रस्ता अडवलेला असता तर ७ फुटांवरूनही निघून गेलं असतं की.