मदत हवी आहे : पावसाळाभर टिकणारं कार वॅक्स कोणतं?

नमस्कार मंडळी, बाबांची काळी गाडी पुण्यात वाघोलीत सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते. डोक्यावर गुलमोहर, धुवायला बोअरचं क्षाराचं पाणी. बॉनेटवर पांढरे डाग पार बसलेत. पावसाआधी डिटेलिंग (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश) करून घ्यायचंय. कार्नोबा वॅक्सची (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासूनचं नैसर्गिक मेण) चमक मला फार आवडते, पण ते फार तर ६-८ आठवडे टिकतं, उन्हात त्याहून कमी. सिंथेटिक सीलंट (रंगावर लावायचा कृत्रिम संरक्षक थर) ४-६ महिने जातं म्हणतात. सिरॅमिक कोटिंग सध्या परवडणार नाही. आधी डाग काढून क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) आणि पॉलिश हवंच, नाहीतर डाग वॅक्सखाली तसेच राहतील.

उघड्यावरच्या गाडीला कोणी सीलंट लावलंय का? अख्खा पावसाळा निघाला का? खराडी-विमाननगरकडे क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) विनाकारण न घासणारा, हात जपून चालवणारा डिटेलर माहीत असेल तर अंदाजे खर्चासकट सांगा.