मधपेटीसमोर पंख चुरगळलेल्या मधमाश्या सरपटताहेत, काय करू?

प्रश्न:
चार दिवस झाले, रोज सकाळी पेटीच्या दारासमोर दहा-पंधरा कोवळ्या माश्या जमिनीवर सरपटताना दिसतात. पंख चुरगळलेले, पोट आखूड. मेलिफेराची (युरोपीय मधमाशीची) पेटी आहे. राणी अंडी घालतेय, मधही भरपूर आहे. माश्यांच्या अंगावर एकही कोळी (त्यांच्यावर जगणारा बारीक परजीवी) दिसला नाही. मग हा विषाणू असेल का? औषध कोणतं? पहिलीच पेटी आहे, बघून जीव तुटतो.

उत्तर १:
लक्षणं डीडब्ल्यूव्हीची आहेत, म्हणजे पंख विकृत करणाऱ्या विषाणूची. अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

उत्तर २:
विषाणूवर औषध नाही, पण तो पसरवणाऱ्या व्हरोआ कोळ्यावर आहे. अंगावर दिसत नाही म्हणून मीही एकदा निर्धास्त राहिले होते. कोळी माशीच्या पोटाखालच्या पट्ट्यांत दडतो, आणि अळ्या वाढत असतात तेव्हा बहुतेक कोळी पोळ्यातल्या झाकलेल्या घरांत असतात. तिथे ते कोषाला चावतात आणि विषाणू थेट शरीरात शिरतो. व्हरोआ येण्याआधी हवाई बेटांवर हा विषाणू सुमारे १० टक्के वसाहतींत होता. कोळी पोहोचला तिथे तो जवळपास सगळ्याच वसाहतींत सापडला.

सरपटणाऱ्या माश्या एक-दोन दिवसांत मरतात. माझी पेटी गेली ती धडधाकट दिसणाऱ्या माश्यांमुळे. पंख नीट, पण आत विषाणू. त्या लवकर बाहेरच्या कामाला लागतात, लवकर मरतात. अळ्या होत्या, मध होता, राणी होती. अळ्यांना भरवायला माश्याच उरल्या नव्हत्या. त्यात मी मोठी चूक केली: तिच्यातली अळ्यांची फ्रेम शेजारच्या पेटीला दिली. तीही गेली.

आजच मोजा. अळ्यांच्या फ्रेमवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या घ्या. राणी त्यात नाही ना, दोनदा बघा. बरणीत अल्कोहोल घालून हलवा, गाळा, खाली पडलेले कोळी मोजा. या माश्या मरतात, वाईट वाटतं, पण डोळ्यांवर विसंबू नका.

प्रश्नकर्ती:
मोजले. १७ निघाले. हात थरथरत होते.

उत्तर २:
१७ म्हणजे शंभरामागे साडेपाचच्या वर. अनेक जण तीनलाच उपचार सुरू करतात, थांबू नका. कोळ्यावरच्या औषधांपैकी ऑक्झॅलिक ॲसिड घरांच्या झाकणाखाली पोचत नाही, फॉर्मिक ॲसिड पोचतं. पण फार गरम हवेत त्याने राणी आणि अळ्या दगावू शकतात, म्हणून मधपेट्यांसाठी मान्य असलेलंच उत्पादन घ्या आणि पाकिटावरची तापमानाची मर्यादा पाळा. हातमोजे आणि ॲसिडच्या वाफेसाठीचा मास्क हवाच.

उपचारानंतरही काही दिवस चुरगळलेले पंख दिसतील. झाकलेल्या घरांतले कोष आधीच बाधित आहेत, आणि अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस लागतात. घाबरून दुसरं औषध ओतू नका. उपचार संपला की पुन्हा ३०० माश्या मोजा. तोवर या पेटीतली फ्रेम दुसरीकडे नेऊ नका.