मदत हवी आहे: स्केटबोर्डच्या ट्रकच्या ॲक्सलचे आटे कसे वाचवायचे?

नमस्कार मंडळी. कठड्यांवर ग्राइंड करून करून, म्हणजे ट्रक (बोर्डाखालचा, चाकं धरणारा धातूचा भाग) घासत सरकून, माझ्या ट्रकच्या ॲक्सलची टोकं चेपली आहेत. बेअरिंग बदलायला नट सोडवला, की शेवटच्या दोन-तीन आट्यांवर तो हटकून अडतो. जोर लावला तर ॲक्सलच हँगरमध्ये (तो ज्यात बसवलेला असतो त्या आडव्या भागात) गरगर फिरतो, म्हणून तूर्त पाना बाजूला ठेवलाय.

आधी टोक कानशीने हलकेच घासून मग ५/१६-२४ ची (५/१६ इंच, इंचाला २४ आटे) डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवावी का? ॲक्सल फिरू नये म्हणून तुम्ही तो कशात धरता? ग्रिपच्या पक्कडीने उरलेले आटेही जातील अशी धास्ती वाटते.

आणखी एक. किंगपिनचा (ट्रकच्या मधल्या बोल्टचा) नट आवळला की बुशिंग (त्यावरचे रबरासारखे गोल तुकडे) वॉशरबाहेर फुगतात. मला वाटतं, आवळत बसण्यापेक्षा कडक बुशिंग घालणंच बरं. तुमचा अनुभव काय?