खालच्या ओठातली ती निळसर गाठ

खालच्या ओठात आलेली गाठ सुईने टोचून पाणी काढलं तरी पुन्हा भरते, अशी एकाची तक्रार आहे. भरणारच! ओठ चावला गेला की लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी फुटते आणि लाळ आतच साठते. म्युकोसील म्हणतात त्याला. माझ्या लेकाला झालं होतं. साबुदाण्याएवढं, निळसर, बोटाला मऊ. फुटलं की चिकट पाणी, आठवड्यात पुन्हा हजर. जिभेखाली असेल तर तो रॅन्युला, त्यासाठी थेट तोंडाच्या सर्जनकडेच जा. गाठ कडक असेल तर अजिबात थांबू नका. आमचं ठाण्यात, नौपाड्यात झालं: जागा बधिर करून ग्रंथीसकट काढलं, दोन टाके, तुकडा तपासणीला. टाक्यांपेक्षा इंजेक्शनलाच जास्त रडला, मग आइस्क्रीम मिळाल्यावर स्वारी खूश.