११ वर्षांचा गोल्डन बॅरल कॅक्टस घरी परत आला, बक्षीस मात्र चार इंची कुंडीला. जज नक्की बघतात तरी काय?

गच्चीवरची_माळीण
नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल. आमच्या भागात दर हिवाळ्यात फुलझाडांचं प्रदर्शन भरतं, त्यात कॅक्टस आणि सक्युलंट (पानात-खोडात पाणी साठवणारी इतर झाडं) यांचे वेगवेगळे गट असतात. यावेळी हिंमत करून दोन कुंड्या ठेवल्या. एक माझा गोल्डन बॅरल, ११ वर्षं सांभाळलाय, फुटबॉलएवढा झालाय, दोघांनी धरून गाडीत ठेवावा लागला. दुसरा उंच तीनधारी, छान फांद्या फुटलेला, कॅक्टसच्याच गटात. निकाल लागला तर पहिलं बक्षीस कुठल्या तरी मॅमिलेरिया नावाच्या छोट्या कॅक्टसला, कुंडी जेमतेम चार इंचाची! आणि माझ्या तीनधारीच्या कार्डावर नुसती काट मारलेली, कारण काही लिहिलेलं नाही, विचारायला गेले तर जज निघून गेलेले. रागापेक्षा कुतूहल जास्त आहे (राग पण आहे). पुढच्या वर्षी परत ठेवायचंय म्हणून विचारते, हे लोक मार्क देतात कशाला?

काटेरी_काका
ताई, आधी सोपं उत्तर. तुमचा तीनधारी बहुतेक युफोर्बिया ट्रायगोना असणार, आणि युफोर्बिया म्हणजे कॅक्टस नाही. काटे असले की कॅक्टस असं आपण धरून चालतो, आपल्याकडे तर बांधावरच्या थोरालाही निवडुंग म्हणतात आणि फड्यालाही निवडुंगच, त्यातला फड्या खरा कॅक्टस, मूळचा अमेरिकेतला, आणि थोर युफोर्बियाच्या कुळातला. कॅक्टसला काटा जिथून निघतो तिथे लोकरीची छोटी गादी असते, तिला एरिओल म्हणतात, ती युफोर्बियाला नसते. शिवाय युफोर्बियाला टोचलं की पांढरा चीक येतो. म्हणजे तुमचं झाड चांगलंच असेल, पण चुकीच्या गटात बसलं, मग जजला त्याच्याकडे बघताच येत नाही. हेच सक्युलंटच्या गटात ठेवलं असतं तर कदाचित कप घरी आला असता.

आता बॅरलचं. मी आमच्या क्लबच्या शोमध्ये चारपाच वर्षं जजच्या मागे वही घेऊन फिरलोय, मार्क लिहून घ्यायचं काम, त्यामुळे त्यांची बडबड कानावर पडते. सगळ्यात जास्त वजन असतं झाडाच्या अवस्थेला. मग ते वाढवायला किती अवघड, त्या जातीच्या मानाने किती मोठं नि पक्व झालंय, मांडणी कशी, नावाची पट्टी बरोबर आहे का. नुसत्या आकाराला मार्क नाहीत. गोल्डन बॅरल मोठाच होतो, तो कुठल्याही नर्सरीत मिळतो, म्हणून त्याला अवघडपणाचे मार्क कमी. आणि फूल आलं म्हणून झाड जिंकत नाही हेही लक्षात ठेवा, अनेकांचा तिथेच घोळ होतो.

गुलाबाचं एक पान खराब झालं तर तोडून टाकता येतं, महिन्यात नवीन येतं. कॅक्टसचं तसं नाही हो, तुटलेला काटा परत येत नाही, पाच वर्षांपूर्वी ऊन लागून पडलेला डाग आजही तिथेच असतो. म्हणून जज झाड गोल फिरवून बघतो. तुम्ही कधी फिरवलाय का तो? एकाच बाजूने ऊन मिळालं की बॅरल त्या बाजूला कलतो, आणि मध्ये एखादं वर्ष अंधारात गेलं असेल तर अंगाला कंबर पडते, ती नंतर भरून निघत नाही. बुडाशी वयाने आलेला तपकिरी सालीसारखा भाग मात्र जज सहसा माफ करतात, तो सगळीकडून सारखा असेल तर.

लेस्टरवाला
काकांशी सहमत, एकच दुरुस्ती. चीक हा पक्का पुरावा नाही, काही मॅमिलेरियालाही पांढरा चीक येतो, तेव्हा गादीच बघा. आणि ताई प्लीज झाड टोचून बघू नका, युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

मी इंग्लंडमध्ये असतो, इथल्या ब्रिटिश कॅक्टस अँड सक्युलंट सोसायटीच्या शाखांच्या शोला जातो. इथे शेड्यूलमध्ये कुंडीचं मापसुद्धा दिलेलं असतं, अमुक गटात साडेपाच इंचापर्यंतच वगैरे. गटात न बसणाऱ्या झाडाच्या कार्डावर जज 'एन ए एस' लिहितो, म्हणजे नॉट अ‍ॅज शेड्यूल. माझ्या पहिल्या शोला मला तेच मिळालं होतं, मला वाटलं एखादी पदवी दिली 😀 निदान कारण तरी कळतं. तुमच्याकडे नुसती काट मारतात हे चूकच आहे, आयोजकांना लेखी कळवा, भांडू नका.

बोरवेल_त्रस्त
थोडं कडू बोलतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जज गुलाब नाहीतर शेवंतीवाले असतात, कॅक्टसच्या टेबलावर येऊन जे छान दिसतं त्याला देऊन मोकळे. मी एकदा बघितलंय, वर कागदी फुलं चिकटवलेल्या नर्सरीच्या कुंडीला दुसरं बक्षीस! गरम गोंदाने चिकटवलेली फुलं!! दुसऱ्या एका शोत लाल डोक्याचा मून कॅक्टस पहिला, तो तर कलम, खालचा हिरवा दांडा ड्रॅगनफ्रूटच्या जातीतला, लाल डोक्यात स्वतःचं हरितद्रव्य नाही, एकटं जगूच शकत नाही. तेव्हा सगळा दोष झाडात शोधू नका.

बाकी माझा कायमचा शत्रू म्हणजे बोरचं पाणी. वरून पाणी घातलं की पांढरे क्षार बसतात, लोकर पिवळी पडते, आणि एचेव्हेरिया या सक्युलंटच्या पानांवरची पांढरी पावडरच धुतली जाते (तिला बोटही लावायचं नाही, ठसा तसाच राहतो). मी पावसाचं पाणी ड्रमात साठवतो. आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

काटेरी_काका
बोरवेलसाहेब, कागदी फुलांवर दुमत नाही 🙏 पण त्या चार इंची मॅमिलेरियाला शिव्या घालण्याआधी तिचा फोटो मागवा. सगळ्या बाजूंनी सारखी, काटे अखंड, लोकर पांढरीशुभ्र असेल तर ती खरंच वरचढ असू शकते.

ताई, पुढच्या वर्षीसाठी एवढं करा. आत्तापासून कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवा. शोच्या आदल्या दिवशी मऊ ब्रशने धूळ झाडा, सुकलेली फुलं चिमट्याने काढा, तेल किंवा चकाकीचा स्प्रे अजिबात नाही. कुंडी साधी नि स्वच्छ, वर धुतलेली बारीक खडी, रंगीत नको. नाव पूर्ण लिहा, जात आणि प्रजाती दोन्ही. नेताना क्रेटमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, निम्मे काटे रस्त्यातच मोडतात.

सह्याद्रीवेडा
मध्येच विचारतो, शिंदळ माकुडी (आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरचं दुर्मीळ झुडूप) ठेवली तर चालेल का सक्युलंटमध्ये? मित्राने छाटणीपासून केलेलं रोप दिलंय.

काटेरी_काका
चालेल की, कुंडीत वाढवलेलं असेल तर. कड्यावरून उपटून आणलेलं नको, शिवनेरीच्या बाजूला आधीच किती कमी उरलीय. फक्त शो जानेवारीत असेल तर अडचण, तिची पानं पावसाळ्यातली, तोवर झडून नुसत्या कांड्या राहतील. फुलांचे लाल तारे तर त्याच्याही आधीच संपलेले. ज्याला माहीत नाही तो जज म्हणेल झाड मेलंय. शेजारी दोन ओळींचं कार्ड ठेवा.

गच्चीवरची_माळीण
सगळ्यांचे आभार! आत्ता टॉर्च घेऊन गच्चीवर जाऊन आले. बॅरल कललाय, खरंच, पूर्वेला, ११ वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही कारण मी कायम एकाच बाजूने बघते. आणि डोक्यावरच्या लोकरीत पांढरं काहीतरी हलतंय, ते लोकर नाही, पिठ्या ढेकूण आहे. जजला तो दिसला असणार 🙈 कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावू का, की लोकर खराब होईल?