१९७१ ची फौजी पत्रं: क्रम कसा लावायचा, फाटक्या घड्यांचं काय?

फोंडेकर
फौजेतला एक जण आणि त्याचा गोव्यातला मित्र, दोघांचीही पत्रं एकत्र मिळाली आहेत. चाळीसेक अंतर्देशीय. निम्म्यांवर तारीख नाही. फौजीच्या पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि 'द्वारा ५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस), बस्स. क्रम कसा लावू? घड्यांना सेलोटेप चालेल?

तिकीटवेडा
५६ एपीओवरून गाव शोधू नका. ते फौजी टपालाचं दिल्लीचं केंद्र, ९९ एपीओ कोलकात्याचं. शिक्क्यात 'एफपीओ' आणि नंबर दिसतो का बघा. फील्ड पोस्ट ऑफिस तुकडीबरोबर हलतं, म्हणून नंबर आणि तारीख जोडीनेच वाचायची. शिक्का पुसट असेल तर उजेड बाजूने तिरपा पाडून फोटो काढा.

गोव्याहून गेलेली पत्रं जास्त बोलकी. 'रिफ्युजी रिलीफ' छापलेलं ५ पैशांचं जादा तिकीट असेल तर पत्र १५ नोव्हेंबर १९७१ किंवा नंतरचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही. पिन नाही म्हणून जुनं, असं मात्र धरू नका. ती सवय लागायला लोकांना वर्षं गेली.

आणि मजकूर वाचा हो! 'तुझं ५ तारखेचं मिळालं' अशा एका ओळीने दोन पत्रं जुळतात.

वाळवीविरोधक
सेलोटेप नको. डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, डाग जात नाही. जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ चिवट कागदाची, पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने चिकटवा. त्याआधी शाईच्या एका टिंबावर ओला कापूस टेकवा. निळा झाला तर थांबा, ते काम जाणकाराकडे द्या. गंजलेली स्टेपलची पिन ओढू नका, खाली प्लॅस्टिकची पट्टी सरकवून पाय सरळ करा.

हे सगळं चवथीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. पावसात उघडलेला कागद बुरशी धरतो. ठेवायला आम्लविरहित कागदाचे लखोटे. आपल्या दमटपणात बंद प्लॅस्टिक आत घाम धरतं. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

फोंडेकर
लॅमिनेशन? आणि नेटवर टाकली तर?

वाळवीविरोधक
लॅमिनेशन म्हणजे कायमचं वाटोळं.

तिकीटवेडा
कागद तुमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पत्रांना तो हक्क छापल्यापासून ६० वर्षं. आधी दोन्ही घरांना विचारा. फौजी नंबर झाका.